दोन वर्षांची चिठ्ठी

१ मे २०२२, रविवार. एकूण खर्च रुपये ७,४४० फक्त.

त्यात बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या बारा खुर्च्या, दर ५६० रुपये. हाताची एक खुर्ची, ६१० रुपये. आणि एक लहानशी पितळी घंटा, ११० रुपये. बारा जणांनी प्रत्येकी ६२० रुपये काढायचे ठरले होते. अकरा जणांनी काढले. नामदेव गोवारी यांनी सहाशे दिले आणि सुटे नाहीत म्हणाले. वरचे वीस ज्योतिबा शेडगे यांनी आपल्या खिशातून घातले. एवढ्या भांडवलावर कामोठ्यातल्या अभिनव सोसायटीची राज्यसभा उभी राहिली.

ज्योतिबा शेडगे तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. विशीच्या आत मुंबईला आले, लोखंडाच्या बाजारात माथाडी म्हणून लागले, आणि बाजार कळंबोलीला हलला तेव्हा त्याच्याबरोबर तेही हलले. साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ते टोळीचे मुकादम होते. उजव्या खांद्यावर लिंबाएवढा गोळा होता आणि आवाज असा, की ट्रेलरचं इंजिन चालू असलं तरी पलीकडच्या माणसाला ऐकू जावा.

टोळीचा मुकादम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. तो मालक नव्हे. चौदा माणसांची टोळी असते, दिवसाला दहा गाड्या येतात, कुणाच्या वाट्याला हलकी पत्र्याची गाडी येते, कुणाच्या वाट्याला सळ्यांची. कुणी कुठे जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मुकादम टोपी पुढे धरतो, माणसं चिठ्ठ्या उचलतात, आणि मुकादम स्वतः चिठ्ठी उचलत नाही. जिथे माणूस कमी पडेल तिथे तो खांदा लावतो. भांडण झालं तर त्याने कुणाचीच बाजू घ्यायची नाही. टोळी अगदी निम्मी-निम्मी फुटली तरच त्याने तोंड उघडायचं. ज्योतिबांनी हे काम एकवीस वर्षं केलं.

निवृत्तीनंतर घरात टीव्हीचा रिमोट त्यांच्या हाती लागायचा तो सकाळी अकराला, सून कामावर गेल्यावर. त्या वेळी मालिका नसत, क्रिकेट नसे. असायचं ते राज्यसभेचं कामकाज. पहिल्या दिवशी त्यांनी ते दुसरं काही सापडेना म्हणून लावलं. उंच आसनावर एक गृहस्थ बसले होते आणि समोर दोनशेच्या वर माणसं एकाच वेळी बोलत होती. ते गृहस्थ कुणाला बसा म्हणत, कुणाला उठा म्हणत, कुणाला दोनच मिनिटं देत. ज्योतिबा पाचच मिनिटांत पाय वर घेऊन बसले. बायकोला, राजाबाईंना, त्यांनी स्वयंपाकघरातून बोलावून आणलं आणि सांगितलं, "हा मुकादम हाय."

राजाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "मग टोळी काम कवा करती?" एवढंच विचारून त्या भाकरी थापायला परत गेल्या.

त्यानंतर ज्योतिबांचं एक अधिवेशन चुकलं नाही. हळूहळू त्यांना त्या घरातल्या रीती कळत गेल्या. सभापती हे देशाचे उपराष्ट्रपती असतात आणि गंमत म्हणजे ते त्या सभागृहाचे सदस्यच नसतात. मत देत नाहीत. दोन्ही बाजू समान झाल्या तरच देतात. उपसभापती मात्र सदस्यांतूनच निवडायचा. त्याची सदस्यकी गेली की ते पदही गेलं. हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा निवृत्त होतो, नवे येतात, आणि सभा चालूच राहते. लोक थेट मत देत नाहीत, आमदार देतात. पैशाच्या विधेयकाला ही सभा अडवू शकत नाही. चौदा दिवसांत शिफारशी करून परत पाठवायचं, खालच्या सभागृहाने त्या ऐकायच्या की नाही ते त्यांचं त्यांनी बघायचं. यातली प्रत्येक गोष्ट ज्योतिबा जेवताना घरात सांगत. ऐकायला कुणी नसलं तर खाली येऊन वॉचमनला सांगत.

सोसायटीत त्या काळात कटकट चालू होती. कमिटीत सगळी तरुण मंडळी, सात जण. अध्यक्ष स्वानंद म्हणून एक अडतीस वर्षांचा मुलगा. एका कंपनीत नोकरीला, बोलायला गोड, पण घाईचा. कमिटी काहीही करायला निघाली, की गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली बसणारी ज्येष्ठ मंडळी हरकत घेत. लिफ्ट बदलायची म्हटलं की जुनी चांगली होती. कॅमेरे बसवायचे म्हटलं की कशाला टेन्शन. या हरकतींत सर्वांत पुढे नामदेव गोवारी.

नामदेव इथलेच, गावठाणातले आगरी. सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. आता त्यांचे याच इमारतीत तीन फ्लॅट होते, दोन भाड्याने दिलेले, गळ्यात सोन्याची जाड साखळी, वय एकसष्ट. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांचं प्रत्येक भाषण "माझ्या बापाच्या शेतावर उभं राहून मला शिकवता?" या वाक्याने सुरू होई. पुढचं भाषण विषयानुसार बदलत असे.

अशाच एका वार्षिक सभेत स्वानंद वैतागून म्हणाला, तुम्ही सगळे ज्येष्ठ मिळून तुमची एक राज्यसभाच काढा ना, आम्ही आमची लोकसभा चालवतो. सभेत हशा पिकला. ज्योतिबा तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वानंदकडे वहीतली दोन पानं घेऊन गेले. बारा सदस्य, कमिटीच्या सात जणांनी निवडलेले. सभापती स्वतः ज्योतिबा. कारण बाराही जणांच्या नावावर, नाहीतर त्यांच्या जोडीदाराच्या नावावर, इमारतीत फ्लॅट होता. ज्योतिबा राहत होते तो सुनेच्या नावावर होता. त्यामुळे सोसायटीत सदस्य नसलेला आणि तरीही सगळ्यांना गप्प बसवू शकणारा असा तोच एक माणूस होता. घटनेला धरून याहून चांगला सभापती मिळाला नसता.

स्वानंदला वाटलं, म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून रमतील. त्याने होकार दिला.

आता मुद्दा राहिला निवृत्तीचा. दर दोन वर्षांनी चार जणांनी जायचं, तर पहिल्या खेपेला कोणी? दिल्लीत पहिली राज्यसभा भरली तेव्हा हाच पेच पडला होता आणि तिथे चिठ्ठ्या टाकून कोण दोन वर्षांनी जाणार, कोण चार, कोण सहा ते ठरवलं होतं, हे ज्योतिबांनी टीव्हीवर ऐकलं होतं. चिठ्ठ्या टाकणं तर त्यांच्या हाडामांसातलं. त्यांनी बारा चिठ्ठ्या केल्या. चारांवर दोन, चारांवर चार, चारांवर सहा. टोपी आता नव्हती म्हणून घरचा तांब्या घेतला.

इथे त्यांच्या हातून एक गोष्ट झाली. महाराष्ट्र दिनाचा झेंडा लावून झाला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि सावली होती ती फक्त सोसायटीच्या गणपतीच्या देवळात. ज्योतिबांनी तांब्या देवासमोर ठेवला आणि म्हणाले, उचला एकेक.

ज्योतिबांच्या लेखी चिठ्ठी म्हणजे पाळी. आज सळ्यांची गाडी आली, उद्या पत्र्याची येईल. पण बारांतले निम्मे इथल्या खाडीकाठच्या गावांतले होते. त्यांच्याकडे देवासमोर प्रश्न ठेवून जे निघतं त्याला कौल म्हणतात. होडी घालायची का, मुलगी द्यायची का, घर बांधायचं का, हे त्यांच्या आज्यापणज्यांनी असंच विचारलेलं. आणि इथे तर साठ ते त्र्याऐंशी वयाच्या बारा माणसांनी देवासमोर हात घालून एकेक आकडा काढला होता, आणि आकड्यापुढे ज्योतिबांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, वर्षं.

त्र्याऐंशीच्या विमलबाई कोळी यांना सहा निघाले. विमलबाई खाडीकाठच्या दिवाळे गावच्या; उभा जन्म बेलापूरच्या बाजारात मासळी विकलेली, आता दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये मुलासुनेबरोबर राहत. त्यांनी चिठ्ठी वाचून घेतली, चार वेळा घडी घातली, कमरेच्या बटव्यात ठेवली आणि सुनेला हाक मारून सांगितलं की अजून सहा वर्षं तुझी सुटका नाही. सगळे हसले. नामदेवही हसले. मग त्यांनी आपली चिठ्ठी उघडली. दोन.

त्या दिवशी त्यांनी "चिट्ठी बदलून दे मुकादम" असं हसत हसतच म्हटलं. ज्योतिबांनीही हसत हसत सांगितलं की टोळीत चिठ्ठी बदलत नाहीत. घरी गेल्यावर राजाबाईंनी विचारलं, बारा जणांना वर्षं वाटलीत, स्वतःला किती ठेवलीत? ज्योतिबा म्हणाले, "सभापतीला चिठ्ठी नसती."

सभा मात्र छान चालली. दर रविवारी साडेपाच वाजता बदामाखाली खुर्च्यांचा अर्धगोल, मध्ये हाताची खुर्ची. विमलबाई एकमताने उपसभापती झाल्या. ज्योतिबा गावी जत्रेला गेले की घंटा त्यांच्याकडे. ती त्या इतक्या मनापासून वाजवत, की एकदा पलीकडच्या इमारतीतली माणसं आरती समजून आली होती. कमिटीने कुठलाही खर्चाचा ठराव पाठवला की राज्यसभा तो बरोबर चौदा दिवस ठेवून घेई आणि शिफारशीसह परत करी. इमारतीच्या रंगाच्या ठरावावर चार शिफारशी गेल्या. त्यांतली एक विमलबाईंची होती, की रंग बोंबलासारखा नको. पांढरटपणा वगळून कमिटीने पिवळा घेतला. राज्यसभेच्या इतिहासात मान्य झालेली ती पहिली शिफारस.

दोन वर्षांच्या चार चिठ्ठ्यांपैकी एक निघाली होती तिसऱ्या मजल्यावरच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांना. ते एकोणऐंशीचे होते, पहिल्या दिवाळीआधी गेले. दुसरी निघाली होती एका मास्तरांना. ते पुढच्या उन्हाळ्यात गेले. दोघेही आधीपासून आजारी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तिसरे मुलीकडे पुण्याला राहायला गेले, आणि चिठ्ठीने आपल्याला गाठू नये म्हणूनच गेले असं बायका बोलत. उलट विमलबाईंना न्यूमोनिया झाला, दहा दिवस ऑक्सिजनवर होत्या, नातेवाईक दिवाळ्याहून दोन टेम्पो भरून आले. आणि अकराव्या दिवशी त्या उठून बसल्या आणि सुकटीची चटणी मागितली. त्या दिवसापासून सोसायटीत चिठ्ठीबद्दल कोणी हसेनासं झालं.

दोनच्या चिठ्ठीचा आता एकच माणूस उरला होता.

जानेवारी २०२४मध्ये नामदेवच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, बायपास करायला हवी, आणि दोन-तीन महिन्यांपलीकडे ढकलू नका. पैशाचा प्रश्न नव्हता. नामदेवकडे पैसा होता आणि विमाही होता. नामदेव म्हणाले, एक मेनंतर करू.

त्यांचा हिशेब सरळ होता. मुदत तीस एप्रिलला संपते. त्याआधी टेबलावर झोपलं तर चिठ्ठी खरी करायला आपणच मदत केल्यासारखं होईल. एक मे उजाडला आणि आपण असलो, तर चिठ्ठी खोटी. मग डॉक्टरने कुठूनही कापावं. मुलांनी समजावलं, डॉक्टरांनी दरडावलं. नामदेव सगळ्यांचं ऐकून घेत, मान हलवत आणि गोळी जिभेखाली ठेवत. ते आता दोन जिने चढून वर येईनात. लिफ्ट बंद असली की खालीच बसून राहत. वार्षिक सभेत त्यांनी बापाच्या शेताचा उल्लेखच केला नाही. त्या रात्री स्वानंदनेसुद्धा घरी जाऊन बायकोला म्हटलं, की काकांचं काहीतरी बिनसलंय.

नामदेवची बायको दुर्गाबाई एका सकाळी ज्योतिबांच्या दारात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"भावजी, चिट्ठी तुमी काढलीत," त्या म्हणाल्या. "तुमीच परत घ्या."

एवढं बोलून त्या गेल्या. ज्योतिबांनी त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

मुकादमाने एकवीस वर्षं एक काम चोख केलं होतं: कोणाच्या खांद्यावर किती ओझं द्यायचं ते बघणं. कोणाची कंबर धरली आहे, कोण दारू पिऊन आला आहे, कोणाचं घरी भांडण झालं आहे, हे त्याला न विचारता कळायचं आणि तो चिठ्ठीआधीच त्या माणसाला चहा आणायला पाठवून द्यायचा. त्या माणसाने कागदाच्या तुकड्यावर दोन हा आकडा लिहिला आणि तो दुसऱ्याच्या छातीवर नेऊन ठेवला; आणि दोन वर्षं ते त्याच्या लक्षात आलं नाही.

ते नामदेवकडे गेले. सांगितलं की चिठ्ठी माझ्या हातची, माझ्या नातवाच्या वहीच्या पानावर लिहिलेली, तिच्यात देव कुठून येईल? नामदेव म्हणाले, अक्षर तुझं, पण हात माझा घातला ना देवापुढं. ज्योतिबा म्हणाले, पुन्हा टाकू चिठ्ठ्या. नामदेव म्हणाले, कौल दोनदा लावला तर देव चिडतो. ज्योतिबांनी शेवटी आवाज चढवला. नामदेवने छातीला हात लावला, तसा ज्योतिबांनी आवाज खाली आणला.

रविवारी सभेआधी नामदेव लवकर येऊन बसले होते. ज्योतिबा आले तसे त्यांनी खिशातून विसाची नोट काढून पुढे केली.

"हे घे मुकादम. खुर्चीचं राहिलं व्हतं."

दोन वर्षं ज्योतिबांनी हे वीस रुपये मागितले होते. गमतीत मागितले होते, चारचौघांत मागितले होते, होळीला मागितले होते. दर वेळी नामदेव सुटे नाहीत म्हणत, आणि पाचशेची नोट दाखवत. आता नोट समोर होती आणि ज्योतिबांचा हात पुढे होईना. कळंबोलीच्या बाजारात गेटपाशी एक चहावाला होता. तो म्हणायचा, माथाडी महिनाभर गावी जातो तेव्हा उधारी तशीच ठेवतो. ज्याने न मागता सगळी उधारी मिटवली, तो परत यायचा नसतो.

"ठेव खिशात," ज्योतिबा म्हणाले. "आपरेशन झाल्यावर घेईन. त्याआधी घेणार न्हाई."

नामदेवने नोट तशीच धरून ठेवली. मग गुडघ्यावर ठेवली. सभा सुरू झाली तेव्हा ती वाऱ्याने खाली पडली आणि विमलबाईंनी काठीने आपल्याकडे ओढून घेतली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकू कमी येतं असं त्या सांगत, ते सुनांसाठी होतं.

त्या दिवशी पत्रिकेवर पाण्याच्या टाकीचा विषय होता. विमलबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की टाकी राहू दे, मला राजीनामा द्यायचा आहे.

ज्योतिबांनी घंटा वाजवली, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

विमलबाईंनी मांडलं ते असं. त्यांची मुदत सहा वर्षांची, म्हणजे २०२८च्या एप्रिलअखेरपर्यंत. चार वर्षं आणि वर थोडे दिवस शिल्लक आहेत. मधेच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते आणि निवडून येणारा उरलेली मुदत भोगतो, हे सभापतींनीच दोन वर्षांत पन्नास वेळा सांगितलं आहे. तर त्यांनी जागा सोडावी आणि नामाने ती घ्यावी. नामदेवला नामा म्हणणाऱ्या सोसायटीत त्या एकट्याच होत्या. देवाने दिलेली चार वर्षं, देवाच्याच चिठ्ठीवरची.

कोणीतरी म्हणालं, पण कौल असा दुसऱ्याला देता येतो का?

"देवानं ता माज्या टोपलीत टाकलंय," विमलबाई म्हणाल्या. "टोपलीतला म्हावरा कोनाला इकायचा न कोनाला फुकट द्यायचा, ता कोलनीला इचारतात. देवाला नाय."

सगळ्यांनी नामदेवकडे पाहिलं. नामदेव आपल्या चपलांकडे पाहत होते.

ज्योतिबांचं काम मात्र संपलं नव्हतं. राजीनामा आला की तो स्वखुशीचा आहे, कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही, अशी सभापतीने आधी खात्री करून घ्यायची असते. तसं दिल्लीच्या सभागृहात करतात. आणि त्यांनाही आता भीती वाटू लागली होती. पंच्याऐंशीची म्हातारी, ती बटव्यातून आपली चार वर्षं काढून देते आहे. समजा दिली आणि तीच गेली? नामदेवच्या छातीवरचं ओझं उतरवून विमलबाईंच्या डोक्यावर ठेवायचं, तर मग आपण कसले मुकादम?

ते हाताच्या खुर्चीतून उठले, विमलबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी, राजीनामा राजीखुशीचा हाय का?"

"हाय."

"कुनाची जबरदस्ती?"

"माज्यावर? तीन सुना हायत माज्या. त्यांची टाप नाय."

"घंटा बी जाईल. सदस्य न्हाई तर उपसभापती न्हाई."

इथे त्यांनी घंटेकडे एकदा पाहिलं. "जाव दे," म्हणाल्या.

ज्योतिबांनी आवाज खाली आणला. "आनि तुमची वरसं?"

विमलबाईंनी बटव्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, दोन वर्षांत तिचा रंग सुपारीसारखा झाला होता, आणि ज्योतिबांच्या हातावर ठेवली.

"आता मना चिट्ठीच नाय. यमाला कसा कलंल, कवा यायचा ता?"

टोळीत कोणी दुसऱ्याची पाळी आपणहून अंगावर घेतली, तर मुकादम त्याला कारण विचारत नाही. ज्योतिबांनी आसनावर परत जाऊन राजीनामा मंजूर केला. पोटनिवडणूक पुढच्या रविवारी.

मतदार म्हणजे कमिटीचे सात जण. तिथे वेगळीच अडचण होती. सातांपैकी चार जण नामदेवला कंटाळलेले. ज्योतिबा सभापती, त्यांना प्रचार करता येत नव्हता आणि त्यांनी केलाही नाही. ते फक्त स्वानंदकडे गेले, मतदानाची वेळ कळवली, आणि बायपास म्हणजे काय असतं आणि ती लांबली तर काय होतं, हे त्याला विचारून आले. स्वानंदला ते आधीपासून माहीत होतं. त्याने ज्योतिबांना खुर्ची दिली आणि विचारलं, काका, हे खरंच एवढ्यावर अडलंय? ज्योतिबा हो म्हणाले.

मग तो स्वतःच नामदेवला भेटला. सातही मतं देतो म्हणाला. बदल्यात एक अट. पुढची चार वर्षं वार्षिक सभेत बापाच्या शेताचं नाव काढायचं नाही. नामदेवने एक दिवस मागून घेतला. दुर्गाबाई सांगतात की त्या दिवशी ते घरात येरझाऱ्या घालत होते आणि ऑपरेशनपेक्षा जास्त विचार त्यांनी या अटीचा केला. संध्याकाळी त्यांनी होकार कळवला.

मतदान उघड होतं. वरच्या सभागृहासाठी आमदार आपापल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवून टाकतात, तशी ज्योतिबांनी इथेही पद्धत ठेवली होती. सातही जणांनी चिठ्ठी दाखवून टाकली. ती घालायला तांब्या नव्हता, स्टीलचा डबा होता, आणि तो देवळापासून लांब, पार्किंगमध्ये ठेवला होता. एवढं शहाणपण सभापतींना आलं होतं. सहा मतं वैध ठरली. सातवं स्वानंदचं, त्याने घाईत नावाखाली स्वतःची सही केली म्हणून ज्योतिबांनी ते बाद केलं. स्वानंदने हरकत घेतली, ती चौदा दिवस विचारार्थ ठेवण्यात आली.

नामदेव गोवारी ३० एप्रिल २०२८पर्यंत राज्यसभेवर निवडून आले. विमलबाईंची सुपारीच्या रंगाची चिठ्ठी ज्योतिबांनी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती पाकिटात विम्याच्या कार्डाशेजारी ठेवली आणि चार दिवसांनी बेलापूरच्या रुग्णालयात दाखल झाले. टेबलावर घेण्याआधी परिचारिकेने साखळी, अंगठ्या आणि पाकीट काढून ठेवायला सांगितलं. त्यांनी साखळी दिली, अंगठ्या दिल्या, पाकिटासाठी वाद घातला. शेवटी पाकीट दुर्गाबाईंकडे द्यावं आणि त्यांनी दाराबाहेर ते हातात धरून उभं राहावं, अशी तडजोड झाली. दुर्गाबाई पाच तास उभ्या होत्या.

एक मे २०२४ला नामदेव छातीला पट्टा बांधून खाली झेंड्याला आले. त्यांच्यासाठी बिनहाताच्या खुर्चीऐवजी सभापतींनी आपली हाताची खुर्ची दिली, एका दिवसापुरती. त्या बैठकीत कमिटीचा वाहनतळाचा ठराव होता. नामदेव हळूच उठले आणि म्हणाले, "माझ्या बापाच्या शेतावर उभं राहून..." स्वानंद गॅलरीतून ओरडला की काका, शब्द दिलाय. नामदेव म्हणाले, शब्द वार्षिक सभेचा होता, राज्यसभेचा नव्हता. ज्योतिबांनी घंटा वाजवून निर्णय दिला की माननीय सदस्यांचं म्हणणं घटनेला धरून आहे.

विमलबाईंची खुर्ची आता अर्धगोलाच्या बाहेर असते. ज्योतिबा तिला प्रेक्षक सज्जा म्हणतात. सज्ज्यातल्या माणसाला बोलायची परवानगी नसते, आणि सभेत सर्वांत जास्त त्याच बोलतात. सभापती त्यांना दर रविवारी समज देतात, तीही कामकाजात नोंदवली जाते. उपसभापतीची जागा रिकामीच आहे. कोणी उभं राहिलं नाही. ज्योतिबा गावी गेले की घंटा आपोआप दुसऱ्या मजल्यावर जाते. हे घटनेत बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विमलबाई आता सत्याऐंशीच्या आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी काठीने वाहनतळातली स्कूटर पाडली.

त्या रविवारी काठीने ओढून घेतलेली विसाची नोट त्यांनी कोणाला दिली नाही. टोपलीत आलं ते आपलं, असं त्यांचं म्हणणं आहे. ज्योतिबांनी नामदेवकडे पुन्हा मागायला सुरुवात केली आहे. नामदेव सुटे नाहीत म्हणतात आणि पाचशेची नोट दाखवतात.

खुर्च्यांच्या वर्गणीपैकी नामदेव गोवारी यांच्याकडून वीस रुपये येणे बाकी आहे.